दप्तर कितव्या मजल्यावर?

(दृश्य : आयर्विन पूल, पाण्याची पातळी दाखवणारे आकडे)

२०१९चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट गाठले. पाणी ओसरलं तशा गाद्या बाहेर आल्या, भांडी आली. फडताळातलं जुनं दप्तर, म्हणजे फडक्यात बांधलेले जुने कागद, सगळ्यात शेवटी, आणि तेही बहुतेकदा थेट कचऱ्याच्या गाडीत. घरात त्या कागदांची मोडी लिपी कुणाला येत नाही, मग ठेवायचं कशाला?

आमच्या इतिहासमंडळाला ती गाडी गाठायची असते.

(दृश्य : टीपकागद, पंखा, चिकटलेली पानं)

दप्तर बांधायच्या फडक्याला रुमाल म्हणतात. ओला रुमाल घाईनं सोडायचा नाही. पानं उन्हात टाकायची नाहीत. टीपकागदात घालून सावलीत, पंख्याखाली. वाचायचं नंतर. ‘छ ४ रज्जब’ अशी तारीख आली की जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखांचा मेळ घालणारं पुस्तक, उघडायची. छ म्हणजे चंद्र, रज्जब हा मुसलमानी महिना. आणि या कागदांतल्या सुहूर सनात, म्हणजे त्या काळच्या वर्षगणनेत, ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो.

एवढ्या खटाटोपातून लढाई क्वचितच निघते. किती खंडी जोंधळा दिला, विहिरीच्या पाळीवरून कोण कुणाशी भांडलं, असलंच निघतं. आम्हाला तेच हवं असतं.

हा नाद इकडे जुनाच. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांची दप्तरं धुंडाळली आणि १८९७पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला. पुढच्याच वर्षी इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. म्हैसूरच्या हैदरअलीशी मराठ्यांच्या झालेल्या लढायांवर लिहायला बसलेल्या माणसाला आजही खऱ्यांच्या दारावरून जावं लागतं.

(दृश्य : एका घराची ओसरी)

मूळ कागद ज्याचा त्याच्याच घरी राहतो. आम्ही फोटो घेतो, वाचून देतो, रुमाल नव्या फडक्यात बांधून परत करतो. आणि कागदात जे आहे तेच सांगतो. हे शेवटचं सगळ्यात अवघड. एका घरी शाहू महाराजांची सनद म्हणून देव्हाऱ्यात पुजलेला कागद वाचला, तर निघालं गहाणखत! तोंडं उतरली. चहा मात्र मिळाला. आजी म्हणाल्या, “असू दे, देव्हाऱ्यातच राहू दे.” आम्ही हो म्हटलं, वहीत मात्र गहाणखतच लिहिलं.

आता जून लागला की नदीकाठच्या घरांची कडी वाजवतो. पहिला प्रश्न इतिहासाचा नसतोच. “काकू, दप्तर कितव्या मजल्यावर ठेवलंय?”