घोंगडं टोचतं? टोचणारच!

(काळ्या लोकरीचा ढीग, अगदी जवळून. मागं फक्त कातरीचा आवाज.)

हा जो कचाकच कचाकच आवाज येतोय ना, तो कातरीचा आहे. मेंढरू आडवं पाडलंय, पाय बांधलेत, आणि कातरणारा माणूस पोटाकडून पाठीकडं असा सरकत चाललाय की बघताना आपल्याच पोटात गोळा येतो, आता कातडीला लागतंय की काय म्हणून. मेंढरू मात्र डोळे अर्धे मिटून निवांत पडलंय, त्याला वर्षातून दोनदा हे सगळं पाठ झालेलं असतं.

हे दख्खनी मेंढरू. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, इकडं पुणे-नगरचा कमी पावसाचा भाग, असा सगळा कोरडा पट्टा हे त्याचं घर. खाली कर्नाटक-तेलंगणातही आहे. काळं, किंवा काळ्यावर पांढरं, पाय काटक, कुसळी गवतावर जगणारं आणि दिवसभर चालूनही न थकणारं. धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारा तळ, दिवाळीनंतर हलतो, काही वाडे घाट उतरून पार कोकणात जातात, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात, रात्रभराच्या लेंडीखताचे पैसे किंवा धान्य घेतात, आणि पावसाच्या आत परत वर येतात. एवढी पायपीट करणाऱ्या जनावराच्या अंगावर मऊ मऊ लोकर कशी असेल? नसतेच.

आता ही बट हातात घेऊन बघूया. (क्लोजअप: चिमटीत लोकर.) यात कुसळं अडकलीयेत, धूळ आहे, टोकं उन्हानं तांबूस झालीत, आणि बोटांना काहीतरी चिकट लागतंय. तो लोकरीचा मेद, लॅनोलिन म्हणतात त्याला. मेंढीच्या कातडीतूनच येतो आणि पाऊस अंगावर मुरू देत नाही. आपण हातापायाला क्रीम लावतो, ओठांना बाम लावतो, त्यातल्या कितीतरी डब्यांवर हेच नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं, बघा कधीतरी.

मेंढी कातरली की लोकर मिळाली, इतकं हे सरळ नाही बरं का. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीची लोकर अंगातून कोट काढावा तशी अख्खी एकसंध निघते आणि एका मेंढीमागं चार-पाच किलो मिळते. आपल्या दख्खनीची भुरूभुरू, बटाबटांनी निघते आणि दोन्ही कातरणी धरून वर्षाला अर्धा-पाऊण किलो. एका घोंगड्याला दोन-तीन किलो तरी लागते. म्हणजे एकाच कातरणीची लोकर घ्यायची तर आठ-दहा मेंढरं कातरा, तेव्हा कुठं एक घोंगडं.

आणि टोचण्याचं म्हणाल तर ते मायक्रॉनवर आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनोचा तंतू साधारण 17 ते 23 मायक्रॉन. लडाखमधल्या चांगथांगच्या शेळीची पश्मीना 12 ते 15, आणि हो, पश्मीना शेळीची असते, मेंढीची नाही, दुकानात कुणी मेंढीची म्हणाला तर समजून जा. तंतू तीसच्या वर गेला की वाकायचं विसरतो, त्याचं टोक कातडीत दबतं आणि खालच्या नसांना ते कळतं. आपण म्हणतो टोचतंय. दख्खनी लोकर मेरिनोच्या दुपटीच्या आसपास जाड, त्यात बरेच तंतू आतून पोकळ, त्यामुळं रंगही नीट धरत नाही. तेव्हा "मला लोकरीची ॲलर्जी आहे" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ॲलर्जी-बिलर्जी काही नसते, त्यांना जाड तंतू भेटलेला असतो एवढंच.

त्यातही धनगरांनी मऊ लोकर शोधलीच. कोकरू सहाएक महिन्यांचं झालं की त्याची पहिली कातरण होते, तिला जावळ म्हणतात, आपल्याकडं लहान पोराचं जावळ काढतात ना, तोच शब्द. जावळाचं घोंगडं वेगळं, त्याचा भावही वेगळा.

(चरखा. बाईचे हात.)

कातरलेली लोकर आधी उन्हात टाकायची, हातानं कुसळं वेचायची, हे काम म्हणजे नुसता कंटाळा, संपतच नाही. मग कमानीनं पिंजायची. कमानीची तार टणटण वाजते आणि गच्च गोळा हळूहळू ढगासारखा फुगत जातो. मग पेळू, म्हणजे लोकरीच्या लांब गुंडाळ्या, करून चरख्यावर सूत. बहुतेक ठिकाणी हे बायकांचंच काम, आणि सूत बघून घोंगडं कसं होणार हे म्हातारी बाई आधीच सांगते. विणायचं काम सनगरांचं, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजाचं, काही ठिकाणी खुटेकर धनगरही विणतात.

विणायच्या आधी एक भारी प्रकार आहे तो म्हणजे खळ. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचे आणि शिजवून चिकट लापशी करायची. ताणलेल्या उभ्या सुतावर ती लापशी मोठ्या कुंच्यानं सारवतात, केस विंचरावेत तसा एकाच दिशेनं कुंचा फिरवतात, कारण जाड लोकरीचं सूत मागाच्या फणीत घासून तुटतं, खळीनं ते ताठ आणि गुळगुळीत होतं. नवं घोंगडं पुठ्ठ्यासारखं कडक लागतं ना, ते याच चिंचोक्यामुळं. वापरता वापरता नरम पडतं.

माग जमिनीत. खड्डा असतो, विणकर त्यात पाय सोडून बसतो, पायानं पावडी दाबायची, हातानं धोटा टाकायचा. रंग एकही विकत आणायचा नाही! मेंढरू काळं तर घोंगडं काळं, पांढऱ्या मेंढराच्या सुताची किनार. झालं डिझाइन. मला विचाराल तर त्याच्यापेक्षा देखणं काही नाही.

(पाऊस. डोक्यावर खोळ घेतलेला माणूस, मागं मेंढरं.)

आता हे बघा, घोंगड्याची एक बाजू दुमडून केलेली खोळ. पाऊस वरून ओघळतोय. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात, वर तो मेद, म्हणून थेंब लगेच आत शिरत नाही. पण गंमत अशी की हाच तंतू हवेतली वाफ मात्र पोटात घेतो, स्वतःच्या वजनाच्या तीसएक टक्के ओलावा घेऊनही हाताला ओला लागत नाही, आणि ओलावा घेताना थोडी ऊबही सोडतो. पावसात सुती कपडा गार पडतो आणि लोकर गार पडत नाही याचं कारण ते. बाकीची ऊब तंतूंमध्ये अडकलेल्या हवेची.

पण एकदा का घोंगडं आरपार भिजलं की मग संपलं. उचलवत नाही, पिळता येत नाही, दोन-दोन दिवस वाळत नाही. सरकारी फायलीचं घोंगडं भिजत पडतं असं आपण म्हणतो, तो वाक्प्रचार मला वाटतं ज्यानं खरोखर भिजलेलं घोंगडं दांडीवर टाकून वाट बघितलीय त्यानंच काढला असणार. आणि निवडणुकीत घोंगडी बैठका होतात, त्यात हल्ली प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, ते एक जाऊ दे.

अजून एक गुण, लोकर सहजासहजी पेट घेत नाही. एक धागा काढून काडीला लावा, कुरकुरत आकसतो, जळक्या केसाचा वास येतो, ज्योत काढली की विझतो आणि राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिकचा धागा वितळून त्याची टणक मणी होते. "शुद्ध लोकर" म्हणून रस्त्यावर जे विकतात त्याची परीक्षा एवढीच, फक्त अख्खी शाल पेटवू नका, धागा पुरे, आणि सिंकजवळ करा.

ऑनलाइन मात्र घोंगड्याच्या नावावर काय काय खपवतात ते वाचून हसू येतं, पाठदुखी जाते, बीपी उतरतं, साप जवळ येत नाही. उबेनं आखडलेल्या पाठीला बरं वाटत असेल, त्यापुढचं मी काही मान्य करणार नाही. घोंगडं चांगलं आहे एवढ्यासाठी त्याला डॉक्टर करायची गरज नाहीये ओ.

(पट्टणकोडोलीची जत्रा. सगळं पिवळं.)

कोल्हापूर जिल्ह्यातलं पट्टणकोडोली, धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाची जत्रा. छत्र्या, ढोल, फरांडे बाबांची भाकणूक म्हणजे येत्या वर्षाचं भाकीत, आणि भंडाऱ्याबरोबर खोबरं आणि लोकर उधळली जाते. लोकर! हवेत पिवळी धूळ आणि त्यात काळ्या बटा तरंगतायत. ज्या समाजानं लोकर देवाच्या अंगावर टाकली त्याच समाजाच्या वाड्यावर आज कातरलेली लोकर ओढ्याकाठी, बांधावर टाकून दिलेली दिसते, कारण कातरणाऱ्याची मजुरी निघेल एवढाही भाव तिला येत नाही असं मेंढपाळ सांगतात. कातरावी तर लागतेच, नाहीतर मेंढराला गोचीड, खाज, उकाडा. म्हणजे पदरचे पैसे घालून कातरायचं आणि फेकायचं.

असं का झालं? बाजाराला मऊ, पांढरी, रंगवता येईल अशी लोकर हवी, ती बाहेरच्या देशातून येते. गारठ्याला पानिपतचं स्वस्त ब्लँकेट आलं, पावसाला प्लास्टिकचा कागद आला. आणि पैसा मटणात आहे, म्हणून जत तालुक्यातलं माडग्याळी मेंढरू, उंच, बाकदार नाकाचं, तांबड्या ठिपक्यांचं, ते सगळीकडं पसरलं. वजनाला जबरदस्त, अंगावर लोकर जवळपास नाहीच. फलटणच्या निंबकर संस्थेनं दख्खनीचा बंगालच्या गरोळ मेंढीशी संकर करून जुळी देणारी सुवर्णा मेंढी तयार केली, उत्तम काम आहे, पण तेही कोकरांसाठी, लोकरीसाठी नाही. धनगराला दोष कसा द्यायचा? पोट मटणावर चालतंय.

बरं, तुमच्या घरी एखादं जुनं घोंगडं असेल, पेटीत, माळ्यावर, तर एवढं ऐका. वरचेवर धुऊ नका, लोकरीला गरज नसते, सकाळच्या उन्हात टाका, झटका, दुमडा. धुवायचंच तर गार पाणी आणि रिठा, चोळायचं नाही, पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं आणि सावलीत आडवं पसरायचं, दांडीवर लोंबवलं तर स्वतःच्या वजनानं वाकडं होतं. डाग काढणाऱ्या एन्झाइमच्या पावडरी लांब ठेवा, त्या प्रोटीन खातात आणि लोकर अख्खी प्रोटीनच आहे, आपल्या नखा-केसांसारखी. ब्लीच तर अजिबात नको, लोकर विरघळते त्यात. कसर लागते ती पण त्या प्रोटीनसाठीच, तिची अळी धागा खाते, आणि मळकं घोंगडं तिला जास्त आवडतं, म्हणून ठेवताना स्वच्छ आणि पूर्ण कोरडं करून ठेवा. कडुलिंबाचा पाला घालायची पद्धत आहे, घाला, पण पावसाळा संपल्यावर बाहेर काढून झटकणं हा त्याहून खात्रीचा उपाय, कारण कसरीला अंधार आणि शांतता लागते.

हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. आज्जीचं जावळाचं छोटं घोंगडं होतं, मांडीवर घ्यायचं, ती गेल्यावर मी ते पुण्याला आणलं आणि हुशारी करून मशीनमध्ये टाकलं, गरम पाणी, फुल सायकल. ते खवले सांगितले ना मघाशी, गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत, तंतू जितका बारीक तितकं जास्त, आणि जावळ सगळ्यात बारीक. बाहेर काढलं तर चटईसारखा जाड, निम्म्याहून लहान तुकडा. आई काही बोलली नाही, नुसतं हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं आणि दाराशी नेऊन टाकलं. (दार. तुकड्यावर झोपलेला कुत्रा.) आता त्यावर मोत्या झोपतो. त्याला काही टोचत नाही.