उताऱ्याचा अकरावा रकाना

माननीय अध्यक्ष महोदय, आणि भर पावसात वडगाव, शहापूरपासून खानापूरपर्यंतच्या गावांतून आलेल्या श्रोत्यांनो,

विकसनशील देशांच्या उभारणीत माहिती तंत्रज्ञानाचा वाटा काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. तो मीच सुचवला होता. केरळची किनारपट्टी, केनिया, बांगलादेश या सर्वांकडे मी येणार आहे. पण सुरुवात आपल्या बेळगावच्या शिवारातून करू द्या, कारण जी गोष्ट मी गेली कित्येक वर्षे मनात घेऊन फिरतो आहे, ती नीट समजून घेणारे लोक मला या सभागृहाइतके दुसरीकडे मिळणार नाहीत.

ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन आहे, त्यांना उतारा म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आणि तिच्यावर कोणाचे काय देणे याचा सरकारी कागद, हे सांगायला नको. पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरात हाताने लिहिलेला असे, आणि तलाठी भेटेल तेव्हा मिळे. या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजना राबवली. सुमारे 9 हजार तलाठ्यांच्या ताब्यातील दप्तरे, सुमारे 67 लाख खातेदारांचे सुमारे 2 कोटी उतारे, 177 तालुक्यांत संगणकावर चढवले गेले, आणि 15 रुपये भरले की खिडकीवर छापील उतारा हातात पडू लागला. नोंद कोणत्या कर्मचाऱ्याने बदलली हे त्याच्या बोटाच्या ठशावरून कळावे, फेरफाराचे, म्हणजे नोंद बदलण्याचे, अर्ज आलेल्या क्रमानेच निकाली निघावेत, अशी व्यवस्था त्यात होती. जगभरच्या अभ्यासकांनी या योजनेची दखल घेतली. मीही तिचा मनापासून चाहता आहे, आणि पुढे जे सांगणार आहे ते चाहता म्हणूनच सांगणार आहे.

माझे धाकटे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, यांची 1 एकर 12 गुंठे जमीन आहे. पावसाळ्यात भात, मागून मसूर. मृगाआधी तालुक्याला जाऊन उतारा काढायचा हा त्यांचा वर्षाचा नेम. तो उतारा चार घड्या घालून साडीच्या दुकानातून आलेल्या एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत जाई. त्याच पिशवीत आजोबांच्या वेळचा मोडी लिपीतला एक कागदही आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी कूपनलिकेसाठी कर्ज मागितले, तेव्हा अर्ज घेणाऱ्या माणसाने उताऱ्याच्या अकराव्या रकान्यावर बोट ठेवले. तेथे एका जुन्या पीककर्जाचा बोजा, म्हणजे जमिनीवरच्या देण्याची नोंद, होती. ते कर्ज आप्पांनी सहा वर्षांपूर्वीच फेडले होते, बेबाकीचा, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा, दाखलाही त्याच पिशवीत होता, पण बोजा कमी करण्याचा अर्ज कोणी दिलेला नव्हता. त्यामुळे ती ओळ दरवर्षी नव्या कागदावर, स्वच्छ अक्षरात, बिनचूक छापून येत राहिली, आणि आप्पा दरवर्षी 15 रुपये देऊन ती घरी आणत राहिले.

मी विचारले, “आप्पा, सहा वर्षांत एकदाही लक्षात आलं नाही?” ते म्हणाले, “कानडी वाचाय येतंय कुठं मला? शिक्का बघितलो, नाव तेवढं कुणाकडनं तरी वाचून घेतलो, आणि ठेवलो.”

बोजा उतरायला तीन महिने गेले. त्या उन्हाळ्यात कूपनलिका झाली नाही, आणि मसुरीला शेवटचे पाणी मिळाले नाही. हा एका शेतकऱ्याचा एका हंगामाचा तोटा आहे, आणि तो कोणत्याही हिशेबात दिसणार नाही, कारण नोंदींच्या दृष्टीने सेवा तत्परतेने पुरवली गेलेली आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आप्पा कानडी उत्तम बोलतात. बाजारात भाताचा भाव ते कानडीतच ठरवतात. त्यांची शाळा मराठी होती, म्हणून लिपी तेवढी येत नाही. सीमेच्या पलीकडे, महाराष्ट्रातील जत आणि अक्कलकोट तालुक्यांत, याच्या नेमके उलट घडते: कानडी शाळेत शिकलेल्या शेतकऱ्याच्या हातात मराठी सातबारा पडतो. तेव्हा माझे म्हणणे कोणत्याही भाषेविरुद्ध आहे असे कृपया समजू नये. राज्याची कागदपत्रे राज्याच्या भाषेत राहोत. त्याच कागदावर शेतकऱ्याला वाचता येईल अशा लिपीत दुसरी ओळ असावी, एवढीच मागणी आहे. राज्यघटनेच्या 350व्या कलमानुसार गाऱ्हाणे मांडणारा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. आपल्या भाषेत लिहिण्याची मुभा ज्याला आहे, त्याला आपल्याविषयी काय लिहिले आहे ते वाचता यायला नको का?

आणि ही ओळ देणे अवघड नाही. आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसलेली एक सुंदर गोष्ट सांगतो. 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी संगणकीय संकेतांचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्या एकाच मांडणीत बसवल्या होत्या. युनिकोड या आजच्या जागतिक मानकातही तीच मांडणी आहे. आज संगणकात देवनागरी ‘क’चा क्रमांक 2325 आहे आणि कानडी ‘क’चा 3221. दोहोंतील अंतर 896. आता ‘ळ’ घ्या, जो आपल्या दोन्ही भाषांचा जीव की प्राण आहे: देवनागरीत 2355, कानडीत 3251. अंतर पुन्हा 896. कानडीतील ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांच्यासाठीसुद्धा देवनागरीच्या तक्त्यात त्याच अंतरावर जागा आहे. काही मोजके अपवाद सोडले, तर कानडी उताऱ्यातील प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून 896 वजा केले की तो देवनागरीत उभा राहतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ही आज्ञावली एका दुपारी लिहील, आणि ज्या बेळगावात एक तंत्रज्ञान विद्यापीठ 1998 पासून उभे आहे तेथे असे विद्यार्थी शोधायला लांब जावे लागणार नाही.

अक्षरे बदलली म्हणजे अर्थ कळेल का, असे कोणी विचारील. पुष्कळसा कळेल. अकराव्या रकान्याचे शीर्षकच हक्क आणि ऋण या शब्दांचे आहे. कानडीत ‘हक्कुगळु’ आणि ‘ऋणगळु’. हिस्सा, खाते, वारसा, गुंटे, खराब हे शब्द आप्पांना अर्थासकट पाठ आहेत, अडसर फक्त वळणाचा आहे. मात्र एका ठिकाणी फसगत होईल. कानडीत ‘साल’ म्हणजे कर्ज. आप्पा देवनागरीत ‘साल’ वाचतील आणि पुढचा आकडा वर्षाचा समजतील. म्हणून अक्षरांतराबरोबर चाळीस-पन्नास शब्दांचा एक छोटा कोशही हवा, आणि तो तंत्रज्ञाने करण्याऐवजी खिडकीसमोर उभे राहिलेल्या माणसाने करावा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहाच मिनिटे उरली आहेत, म्हणून पत्रिकेत दिलेला विषय आता भरभर मांडतो.

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात मोबाइल पोहोचला. बोट समुद्रात असतानाच कोणत्या बंदरात मासळीला भाव आहे हे विचारता येऊ लागले, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून देणे जवळजवळ थांबले. मच्छीमारांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला, खाणाऱ्यांसाठी भाव सुमारे 4 टक्क्यांनी उतरला. याला कारण असे की ही माहिती बोलीतून, ओळखीच्या माणसाच्या तोंडून येत होती. तिला वाचणारा लागत नव्हता.

बांगलादेशात 1997 पासून खेड्यांतील बायकांनी छोटे कर्ज काढून फोन घेतला आणि गावाला मिनिटाच्या दराने वापरायला दिला. केनियात 2007 साली एम-पेसा सुरू झाली: साधा फोन, इंटरनेट नाही, कोपऱ्यावरचा दुकानदार रोख घेणारा आणि देणारा. ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द म्हणजे आपलाच पैसा, अरबी समुद्र ओलांडून गेलेला. नावासाठी तेथल्या कोणाला शब्दकोश उघडावा लागला नाही.

जवळचे उदाहरण वारणेचे. 1998 साली कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरच्या परिसरातील 70 गावांत संगणक बसवून खेडी जोडण्याचा प्रयोग झाला. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण असे मोठे बेत होते. शेतकऱ्याने प्रत्यक्षात त्या खोलीत येऊन मुख्यतः आपल्या उसाचे वजन आणि आपले खाते पाहिले. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या संदेशावर केले गेले. कित्येकांनी याला अपयश म्हटले आहे. मला ते पटत नाही. माणसाला सर्वांत आधी स्वतःविषयीची नोंद पाहायची असते, हे त्या ऊस उत्पादकांनी आपल्या वागण्यातून सांगितले होते, आणि योजना आखणाऱ्यांनी ते सुरुवातीलाच ऐकायला हवे होते.

देशाच्या विकासाशी याचा संबंध असा: गरीब देशाच्या शासनाकडे माणसे कमी आणि नोंदी अफाट. त्या नोंदी तपासणारे मोफत आणि सर्वांत दक्ष डोळे म्हणजे ज्याची नोंद आहे त्याचेच डोळे. त्याला वाचता आले तर चूक पहिल्याच वर्षी सापडते. नाही आले तर चूकसुद्धा वेगाने, दर वर्षी, अधिकृत शिक्क्यासह छापली जाते. आणि आता उतारा, आधार, बँक खाते एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एका रकान्यातील चूक चार ठिकाणी आडवी येते.

वेळ संपली. दाराजवळच्या टेबलावर अकराव्या रकान्यात नेहमी येणाऱ्या शब्दांची यादी ठेवली आहे, कानडी अक्षरांत आणि देवनागरीत, अर्थासह. ‘साल’ सर्वांत वर आहे. ज्यांनी उतारा बरोबर आणला आहे त्यांनी थांबावे. मी आणि माझे दोन विद्यार्थी शेवटचा माणूस जाईपर्यंत येथेच बसणार आहोत, एकेक ओळ वाचून दाखवू. बोजा निघाला, तर अर्जाचा नमुनाही तेथेच आहे, मराठीत आणि कानडीत.