टॉवरला अर्थिंग होतं, तरी रेडिओ का उडाला?

नमस्कार मंडळी, जुळे सोलापूरहून. आधी हे बघा.

(बोर्ड कॅमेऱ्याजवळ धरून)

ही माझ्या हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या लायसन्सवाल्या वायरलेस सेटची, यूएसबीची बाजू. हा काळा डाग दिसतोय ना, आणि हा ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, तव्यावरचा पापड उचलावा तसा वर आलाय. मागच्या मे महिन्यातल्या वळवात हे झालं आणि गंमत म्हणजे वीज माझ्या टॉवरवर पडलीच नाही, ती पडली मागच्या प्लॉटमधल्या लिंबावर. टॉवरला काही नाही, अँटेनाला काही नाही, घरात मात्र रेडिओ, राउटर आणि कॉम्प्युटरचा एक पोर्ट गेला. बायको म्हणाली एवढा खड्डा खणून अर्थिंग केलं होतं ना हो तुम्ही? केलं होतं की. तिथंच तर घोळ होता.

मी काय केलं होतं सांगतो. टॉवरला वेगळं अर्थिंग, एकदम मोठा खड्डा, कोळसा मीठ सगळं. घराचं अर्थिंग पुढच्या बाजूला मीटरजवळ, ते बिल्डरच्या काळातलं. आणि मला वाटायचं रेडिओचं अर्थिंग वेगळं असलं की बरं, घरातल्या मिक्सर-फ्रिजचा कचरा त्यात यायचा नाही. हे बऱ्याच जणांना वाटतं, कालपरवाच लायसन्स मिळालेल्या पोरांपासून व्हीयू२नं सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, असलेल्या जुन्या हॅमवाल्यांपर्यंत.

आता हिशोब करा. विजेच्या पहिल्या झटक्यात साधारण ३० हजार अँपिअर करंट असतो. तुमचं अर्थिंग समजा १० ओहमचं आहे, म्हणजे चांगलंच म्हणायचं. ३० हजार गुणिले १०, तीन लाख व्होल्ट! टॉवरच्या पायाजवळची जमीन तेवढा वेळ तीन लाखावर जाते, आणि पुढं मीटरजवळची जमीन आहे तिथंच. मग या दोन्हीला जोडणारं मधे काय आहे? कोॲक्समधून, म्हणजे अँटेनाच्या केबलमधून, टॉवरला आणि पॉवर सप्लायमधून मीटरला जोडलेला तुमचा रेडिओ. दोन दगडांवर पाय ठेवून उभा होता बिचारा, एक दगड उचलला गेला. शेजारी वीज पडली तर आकडे कमी होतात, पण यूएसबी पोर्ट मारायला तीन लाख कशाला लागतात.

म्हणून आजच्या व्हिडिओतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, टॉवरचं, घराचं, सोलरचं, जेवढी अर्थिंग असतील तेवढी सगळी घराबाहेरून जमिनीखालून एकमेकांना जाड पट्टीनं बांधा. सगळं घर एकदम वर गेलं तर काही होत नाही, चिमणी एका तारेवर बसते तिला काय होतं? आणि हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, जोडायचं ते अर्थच्या बारला, न्यूट्रलला हात लावायचा नाही, तिथं चुकलात तर वीज पडायची वाट बघायला लागणार नाही.

(टॉवरच्या पायाशी)

हा आपला टॉवर, १२ मीटर, तीन पायांचा. तिन्ही पायांना वेगवेगळ्या पट्ट्या, जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या, २५ बाय ३ एमएम. पुस्तकात लिहिलेलं असतं तीन मीटरचा रॉड ठोका, दोन रॉडमधे लांबीच्या दुप्पट अंतर ठेवा. ठोका म्हणणाऱ्यानं सोलापुरात येऊन ठोकून दाखवावं! चार-पाच फुटांवर मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण, घण मारला की रॉडच नाचतो. आमचे वायरमन मामा दोन तास घाम गाळून म्हणाले, "मालक, हे खाली जाईना झालंय ओ, आडवं घालू काय?" आणि खरं सांगतो, तेच बरोबर उत्तर होतं. खाली जात नाही तर आडवं जा. प्रत्येक पायापासून बाहेरच्या दिशेला दोन-अडीच फूट खोल चर, आठ-दहा मीटर लांब, त्यात पट्टी. मुरूम करंटला वाट देत नाही, ओली काळी माती देते, म्हणून चर भरताना मुरूम बाजूला काढला आणि शेतातली काळी माती आणून टाकली.

पण काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला माहितीय. एप्रिल-मेमधे भेगा पडतात, अख्खी मूठ आत जाईल एवढ्या, आणि पट्टी आत मोकळी सुटते. वळीव नेमका तेव्हाच येतो. म्हणून पट्टीभोवती बेंटोनाइट घातलं. बेंटोनाइट म्हणजे फार परकं काही नाही, आपल्या काळ्या मातीत जे फुगणारं खनिज असतं त्याच जातीचं, फक्त जास्त शुद्ध, पाणी धरून ठेवतं. मीठ मी आता घालत नाही, पावसात वाहून जातं आणि असेपर्यंत जीआय खात बसतं.

ज्यांचा टॉवर अजून उभा राहायचाय त्यांनी काँक्रीट ओतायच्या आधी थांबा. पायातल्या सळया एकमेकींना वेल्ड करून त्यातून एक पट्टी बाहेर काढून ठेवा. हर्बर्ट उफर नावाच्या इंजिनिअरनं दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनाच्या कोरड्या भागात दारूगोळ्याच्या कोठारांना असंच अर्थिंग दिलं होतं, कारण काँक्रीट जमिनीतली ओल शोषून धरतं. ते तिथं चाललं तर आपल्याकडं का नाही.

आता कोॲक्स. वरनं येणाऱ्या केबलची शील्ड, म्हणजे आतली तारेची जाळी, टॉवरला दोन ठिकाणी बांधा, एकदा वर आणि एकदा खाली, घराकडं वळायच्या आधी. मग घराच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूनं ही तांब्याची प्लेट, कोॲक्सचे अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका अर्थिंगकडं वळवणारे, यावर, रोटेटरची, म्हणजे अँटेना फिरवणाऱ्या मोटरची, केबल यावरनं, रेडिओचा लाइट सप्लाय सुद्धा यावरच्या सर्ज प्रोटेक्टरमधून. घरात जे जे जातंय ते या एकाच दारातून. प्लेटपासून अर्थिंगला किमान १६ स्क्वेअर एमएम कॉपर, पट्टी असेल तर अजून छान, आणि आखूड, सरळ. माझी आधीची वायर नव्वद अंशात वळवून, क्लिपा मारून भिंतीवरनं देखणी नेली होती, दिसायला एक नंबर आणि कामाला शून्य. विजेचा करंट दोन मायक्रोसेकंदात चढतो, तेवढ्या वेगात सरळ वायरसुद्धा दर मीटरला १५ हजार व्होल्ट अडवते. ओहम मोजून हे कळत नाही, म्हणून वळण द्यावंच लागलं तर मोठ्या गोलाईत द्या.

जॉइंटला सोल्डर नको, वितळतं. आणि तांबं थेट जीआयवर आवळू नका, ओल लागली की जस्त खाऊन टाकतं, मधे स्टेनलेसचा वॉशर घाला.

बल्बची टेस्ट पण सांगतो. मामांनी फेज आणि अर्थमधे शंभरचा बल्ब लावला, लख्ख पेटला, "बघा मालक, फर्स्टक्लास!" आता शंभरचा बल्ब अर्धा अँपिअर पण घेत नाही. अर्ध्याला चाललं म्हणून ३० हजारांना चालेल असं कसं? वर ही टेस्ट धोक्याची पण आहे, करू नका. अर्थ टेस्टर भाड्यानं आणा. लांब एक खुंटी, आणि तिच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर दुसरी, मग रीडिंग. आणि मोजायचं ते मेमधे, ऑगस्टमधे कुणाचंही अर्थिंग चांगलंच येतं. माझं काल दुपारी आलं ७.४ ओहम. मामांना दाखवलं तर म्हणाले, "एक घागर पाणी ओता, पाचवर येतंय." ओतलं नाही, ओतून मोजायचं म्हणजे परीक्षेत पुस्तक उघडण्यासारखं आहे.

एवढं करून सुद्धा मी केबल काढतोच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, जवळपास विजा पडायला लागल्या की मोबाईलवर कळतं. पण काढायचं ते आधी, गडगडाट डोक्यावर आल्यावर कनेक्टर हातात धरायचा नाही. आणि आज होटगीच्या बाजूला काळं दिसायलंय बघा, त्यामुळं मी इथंच थांबून केबल काढायला पळतो. सेव्हन्टी थ्री, म्हणजे आम्हा हॅमवाल्यांच्या भाषेत शुभेच्छा.