एका छपराखालच्या दोन मंडळ्या : ग्रेफ्रायर्स कर्क, एडिनबर्ग

सकाळची वेळ आहे, कॅन्डलमेकर रोचा कोपरा, आणि ही रांग बघा. सगळे या छोट्याशा कुत्र्याच्या पुतळ्यासोबत फोटो काढायला थांबलेत. हा बॉबी. १८७२ मध्ये गेला. मालकाच्या कबरीजवळ चौदा वर्षं बसून होता असं इथे सगळे सांगतात, आणि नाकाला हात लावला की नशीब उघडतं ही गोष्ट कुठून तरी पसरली, तेव्हापासून लाखो हात लागून नाकावरचा काळा रंग गेलाय, खालचं ब्रॉन्झ चमकतंय.

पुतळ्यामागच्या गल्लीतून आत गेलं की मोठं फाटक लागतं. बहुतेक लोक आत येतात, बॉबीचा दगड बघतात, रात्रीच्या टूरवाले भुतांच्या गोष्टी ऐकतात आणि परत जातात. मधोमध एवढं मोठं चर्च उभं आहे त्याच्याकडे बघायला कुणाला फारसा वेळ नसतो, आणि आम्ही कॅमेरा घेऊन आलो ते त्या चर्चसाठीच. ग्रेफ्रायर्स कर्क. स्कॉटलंडमध्ये चर्चला कर्क म्हणतात.

इथे चर्चच्या आधी कबरी आल्या. या जागेत पूर्वी फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता, करड्या झग्यातले साधू, म्हणून ग्रे फ्रायर्स. १५६० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली, म्हणजे देश पोपला सोडून प्रोटेस्टंट झाला, आणि मठ गेला. गावातल्या मुख्य चर्चच्या, सेंट जाइल्सच्या अंगणात पुरायला जागा उरली नव्हती, म्हणून १५६२ मध्ये राणी मेरीने साधूंची ही बाग शहराला दफनभूमीसाठी दिली. चर्चचं बांधकाम सुरू झालं १६०२ ला आणि पहिली उपासना झाली १६२० च्या ख्रिसमसला, म्हणजे अठरा वर्षं लागली. धर्मसुधारणेनंतर एडिनबर्गमध्ये नव्याने बांधलेलं हे पहिलं चर्च.

आता या काचेच्या पेटीत बघा, हळूहळू जवळ जातोय. हा नॅशनल कव्हेनंट, म्हणजे राष्ट्रीय करारनामा, त्याची ही प्रत. हे काय आहे ते नीट सांगायला पाहिजे, कारण या चर्चचा जीव यात आहे. स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट चर्चची पद्धत प्रेस्बिटेरियन, तिच्यात बिशप, म्हणजे अनेक चर्चवरचा एक वरिष्ठ धर्माधिकारी, नसतो. आपल्याकडच्या अनेक मराठी मंडळ्यांत, म्हणजे एकेका चर्चच्या ख्रिस्ती समाजात, पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, असतात आणि त्यांच्यासोबत निवडलेली वडीलधारी माणसं असतात, कारभार सगळे मिळून बघतात, तीच ही पद्धत, आपल्याकडे ती स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर आली. याच एडिनबर्गच्या युनिव्हर्सिटीत शिकलेले जॉन विल्सन १८२९ ला मुंबईत आले, चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. तर राजा पहिला चार्ल्स याला ही पद्धत मान्य नव्हती, त्याला बिशप हवे होते आणि उपासना त्याने ठरवलेल्या प्रार्थनापुस्तकातून व्हायला हवी होती. ते पुस्तक २३ जुलै १६३७ ला सेंट जाइल्समध्ये पहिल्यांदा वाचायला घेतलं आणि तिथेच दंगा झाला, बसायची स्टुलं फेकली लोकांनी.

मग कायदेतज्ज्ञ आर्चिबाल्ड जॉन्स्टन आणि पाळक अलेक्झांडर हेंडरसन या दोघांनी बसून, राजाचे हे बदल मानणार नाही असा, या करारनाम्याचा मजकूर लिहिला आणि २८ फेब्रुवारी १६३८ ला या चर्चमध्ये तो वाचला गेला. त्या दिवशी सरदारांनी सह्या केल्या, नंतर पाळकांनी, व्यापाऱ्यांनी, मग गावोगावी प्रती गेल्या. बाहेर थडग्यांवर करारनाम्याचं कातडं पसरून लोक सह्या करतायत अशी चित्रं तुम्ही बघितली असतील. पण इतिहासकार सांगतात की सह्या आत झाल्या, आणि मला ते जास्त आवडतं, कारण ज्या जमिनीवर मी आत्ता उभा आहे तिथेच माणसं रांगेत उभी होती. अशा प्रतींवर वर मोठी ऐसपैस नावं असतात, खाली जागा संपत जाते तशी ती बारीक होतात, काही ठिकाणी नुसती आद्याक्षरं, कारण पूर्ण नाव लिहिता येत नव्हतं. तरी सही केली.

पुढे १६५० मध्ये इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याचं सैन्य शहरात आलं आणि या चर्चची बराक झाली, तीन वर्षं.

हे कुलूप लावलेलं लोखंडी फाटक. याला कव्हेनंटर्सचा, म्हणजे करारनामावाल्यांचा, तुरुंग म्हणतात. मूळ मैदान याहून बरंच मोठं होतं, आज दिसतो तो त्यातला थोडा भाग. २२ जून १६७९ ला राजाच्या सैन्याशी झालेल्या बॉथवेल ब्रिजच्या लढाईत करारनामावाले हरले, साधारण बाराशे कैदी इथे उघड्यावर आणून ठेवले, काही जण नोव्हेंबरपर्यंत इथेच होते. शेवटी अडीचशेच्या वर माणसांना गुलामीसाठी जहाजावर चढवलं, ते डिसेंबरमध्ये ऑर्कनीजवळ फुटलं आणि बहुतेक बुडाले. करारनामावाल्यांवर खटले चालवणाऱ्या जॉर्ज मॅकेन्झीची घुमटवाली समाधी याच आवारात आहे, आणि करारनामावाल्यांचं स्मारक पण याच आवारात आहे.

या दोन लोखंडी पिंजऱ्यांसमोर सगळे थांबतात म्हणून सांगून टाकतो. यात भुतं नाहीत. मेडिकलच्या शिक्षणासाठी प्रेतं चोरली जायची, ती चोरी होऊ नये म्हणून कबरीवर हे बसवायचे.

आता आत येऊ. वर बघा, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघा, खांबांची सलग ओळ दिसते ना? दोनशे वर्षांहून जास्त काळ ही ओळ अशी दिसत नव्हती. झालं असं की पश्चिमेच्या बुरुजात शहराची बंदुकीची दारू ठेवलेली असायची, चर्चच्या बुरुजात, आणि १७१८ च्या मे महिन्यात तिचा स्फोट झाला. पश्चिमेकडचा भाग उद्ध्वस्त. मंडळीने काय केलं, उरलेल्या भागाला आडवी भिंत घातली आणि उपासना चालू ठेवली. मग भिंतीपलीकडे पडलेल्या बाजूला दुसरं चर्च बांधलं, ते १७२१ ला झालं. पूर्वेला ओल्ड ग्रेफ्रायर्स, पश्चिमेला न्यू ग्रेफ्रायर्स, पाठीला पाठ लावून दोन मंडळ्या, दोन पाळक, दर रविवारी दोन वेगळ्या उपासना.

१८४५ च्या जानेवारीत ओल्ड ग्रेफ्रायर्सला आग लागली, आतलं सगळं जळालं. तेव्हा पाळक होते रॉबर्ट ली. दुरुस्ती होऊन १८५७ ला चर्च उघडलं तेव्हा त्यांनी खिडक्यांना रंगीत काचा लावल्या, या ज्या समोर उन्हात दिसतायत. आज आपल्याला यात काही वाटत नाही, पण धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या पॅरिश चर्चमध्ये रंगीत काच म्हणजे जवळजवळ मूर्तिपूजा. ली तिथे थांबले नाहीत, छापलेल्या प्रार्थना वाचायला लागले, लोकांना गाताना उभं राहायला सांगितलं, १८६० च्या दशकात ऑर्गन आणला. चर्चच्या वरच्या सभांमध्ये त्यांच्यावर वर्षानुवर्षं तक्रारी चालल्या. १८६८ ला ते गेले. नंतर हळूहळू देशभरच्या चर्चमध्ये ऑर्गन आले.

आणि भिंत? १९२९ ला दोन्ही मंडळ्यांनी एक व्हायचं ठरवलं, मग जीर्णोद्धाराचं काम निघालं आणि १९३८ पर्यंत ते पुरं झालं, मधली भिंत काढली. जिथे ती होती तिथून आता मी चालत जातोय, काही जाणवत नाही, फरशी सलग आहे.

१९७९ ला अजून एक मंडळी येऊन मिळाली, हायलँड टोलबूथ सेंट जॉन्स. किल्ल्याजवळचं ते उंच शिखराचं चर्च त्यांचं, आता तिथे एडिनबर्ग फेस्टिव्हलवाले असतात. ही मंडळी येताना आपली गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जुन्या भाषेतली उपासना घेऊन आली आणि ती इथे टिकली.

हे बाहेरचं वर्कशॉप, चर्चपासून दोन मिनिटांवर, ग्रासमार्केट कम्युनिटी प्रोजेक्ट. ग्रेफ्रायर्स आणि ग्रासमार्केट मिशनने मिळून उभं केलेलं काम. बेघर झालेली, एकटी पडलेली, अडचणीतून जाणारी माणसं इथे येतात, जेवतात, काम शिकतात. बंद पडलेल्या चर्चमधले जुने बाक इथे येतात आणि त्याच लाकडाची टेबलं, कपाटं होतात. या फळीवर रंधा फिरतोय तो आवाज ऐका, आम्ही मुद्दाम माइक जवळ धरला होता. भुतांच्या टूरमध्ये हे कुणी दाखवत नाही, आणि मला विचाराल तर ग्रेफ्रायर्स बघायला आलात तर सगळ्यात आधी इथे यायला पाहिजे.

आता परत आत. गेलिक स्तोत्र म्हणायची जुनी पद्धत अशी की एक जण ओळ उचलतो आणि मागून सगळी मंडळी ती आपापल्या हरकतींनी, आपापल्या वेगाने ओढत म्हणते. आपल्या भजनात बुवांनी चरण म्हटला की मागचे टाळकरी तो झेलतात, तसंच, फक्त टाळ नाही, पेटी नाही, नुसता गळा. पुढचं मिनिटभर मी काही बोलत नाही, आवाज तेवढा ठेवलाय.