आधी अंगावर पाणी, मग गाडी

नमस्कार श्रोतेहो. मे महिना लागला की चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर ही नावं रोज बातम्यांत येतात. आज ४५ अंश, उद्या ४६. हा आकडा सावलीतला असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. हवामान खातं आपला तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतं, त्यावर ऊन पडू देत नाही. मग तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईला, रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या मजुराला किती झळ बसत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आपल्या शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून तापली की अंगातली उष्णता बाहेर टाकायला घाम हीच एक वाट उरते. घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. आपल्या विदर्भात हवा इतकी कोरडी, की घाम येता येताच उडून जातो आणि अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. कोकणपट्टीत उलटं, तिथे घाम वाळतच नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात कार्यक्रम झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. पारा त्या दिवशी आपल्याकडे चढतो तसा चढलेला नव्हता.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे इथवर असेल तर सावलीत बसवा, घोट घोट पाणी द्या, आराम करू द्या. पण माणूस काहीबाही बडबडू लागला, झोकांड्या देऊ लागला, घरच्यांना ओळखेना, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. ‘घाम येतोय ना, मग ऊन लागलेलं नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. कष्टाचं काम करता करता कोसळलेला माणूस घामाने निथळत असतो, तरी आतून भाजत असतो.

अशा वेळी आपल्याकडे पहिली धावपळ गाडीसाठी होते. एकाने १०८ ला फोन लावावा, हे खरंच. पण बाकीच्यांनी गाडीची वाट पाहत उभं राहू नये. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा आणि अंगावर पाणी ओता. माठातलं, टँकरचं, पंपाचं, जे हाताशी असेल ते. ओला दुपट्टा अंगावर टाका आणि वारा घाला. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत लावा. मेंदूवर, किडनीवर घाव बसतो तो याच मधल्या वेळात. पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ठसका लागून श्वास अडकतो. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. तळपायाला कांदा चोळत बसण्यापेक्षा तेच हात वारा घालायला लावा.

अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून कामावर नव्याने आलेल्याला पहिल्या काही दिवसांत ऊन लागायची भीती जास्त असते. मुकादमांना माझी कळकळीची विनंती आहे, नव्या माणसाला सुरुवातीला निम्मंच काम द्या आणि बारा ते चार हत्यारं खाली ठेवू द्या.

तीच विनंती लग्नघरांना. दुपारी एक वाजता वरात निघते. पाहुणे मांडवात कूलरपुढे बसतात, पण बँडवाला जाड कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून तासभर उन्हात वाजवत असतो. मांडवामागे आचारी भट्टीपाशी उभा असतो. त्यांना पाणी कोण नेऊन देतं? मुहूर्त संध्याकाळचा धरा, निदान वरात तरी सकाळी काढा.

पिण्याचं म्हणाल तर आंबील, ताक, पन्हं आपल्या घरात आहेच. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं तरी काम होतं. बीपी, हृदय किंवा किडनीचं औषध सुरू असेल तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्या.

आता कूलर. खोली बंद करून लावला तर तास-दोन तासांत दमट होते, समोरची खिडकी उघडी ठेवा. आणि दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा करंट लागून माणसं जातात. पत्र्याचा डबा, ओली फरशी, अनवाणी पाय आणि सुरू कूलरमध्ये पाणी भरायची घाई. नुसतं बटण बंद करून भागत नाही, भिंतीतला प्लग काढा आणि मगच पाणी भरा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून याच आठवड्यात तपासून घ्या. लेकरांना तर पाणी भरायला सांगूच नका.

नमस्कार.