गाणी गाळलेल्या फिती

श्रोतेहो, नमस्कार.

९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी या रेडिओ केंद्रावर डॅन इन्ग्रॅम नेहमीप्रमाणे गाणी लावत होते. साडेपाचच्या सुमारास गाण्याचा सूर हळूहळू उतरू लागला. त्या प्रसारणाची फीत आज ऐकताना प्रथम वाटते, की आपल्याच यंत्रात काही बिघाड झाला असावा. पण थोड्याच वेळात इन्ग्रॅम स्वतःच त्या मंदावलेल्या गाण्याची थट्टा करू लागतात. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ओंटारिओ यांतल्या सुमारे ३ कोटी लोकांना अंधारात टाकणाऱ्या प्रसंगाची ती सुरुवात होती. गाणी वाजवणाऱ्या यंत्रांच्या मोटारी विजेच्या सेकंदाला ६० आवर्तनांच्या तालावर फिरत असत, त्यामुळे आवर्तने घटताच गाणेही रेंगाळले. शहराची वीज जाण्याआधीच तिची चाहूल अशी सुरांतून लागली, आणि थट्टेखोर निवेदकाने ती बोलता बोलता टिपली.

अशा ध्वनिमुद्रणाला त्या व्यवसायात ‘एअरचेक’ म्हणतात. आपल्याकडे अमीन सयानींची गीतमाला मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोला जात असे, म्हणजे फितीवाचून तो कार्यक्रम होणेच शक्य नव्हते. न्यूयॉर्कचा निवेदक मात्र थेट बोले, आणि त्याचे बोलणे तिथल्या तिथे विरून जाई. फीत निघायची ती हिशेबी कारणांसाठी: कार्यक्रमप्रमुखाला निवेदकाचे काम तपासायचे असे, किंवा निवेदकाला दुसऱ्या शहरात नोकरी मागताना नमुना पाठवायचा असे. या कामासाठी टेपरेकॉर्डर मायक्रोफोनच्या बटणाला जोडलेला असे. मायक्रोफोन उघडला की फीत फिरे, बंद झाला की थांबे. त्यामुळे गाण्याचे पहिले दोन-चार सेकंद आणि शेवटचा सूर एवढेच उरे, आणि अख्खा तास काही मिनिटांत आटोपे. गाणी काय, दुकानात मिळतच होती.

या काटछाटीने त्या निवेदकांची खरी करामत मात्र उघडी पडते. डब्ल्यूएबीसीचे कार्यक्रमप्रमुख रिक स्क्लार मोजकीच गाणी पुनःपुन्हा वाजवण्याच्या मताचे होते. पहिल्या क्रमांकाचे गाणे साधारण तासातासाने परत येई. ऐकणाऱ्याला पुढे काय लागणार हे जवळजवळ ठाऊक असताना त्याला धरून ठेवायचे ते केवळ बोलण्याने, तेही गाण्याच्या सुरुवातीला नुसती वाद्ये वाजत असतात तेवढ्या दहा-पंधरा सेकंदांत. वेळ, हवामान आणि एखादी कोटी सांगून निवेदक थांबतो, आणि नेमक्या त्याच क्षणी गायकाचा पहिला शब्द उमटतो. इन्ग्रॅम यांचा यात हातखंडा होता. जाहिरात संपताच तिच्यावरच एखादा तिरकस शेरा मारायलाही ते कचरत नसत, आणि जाहिरातदार हे कसे खपवून घेत याचे मला अजून नवल वाटते.

लॉस एंजेलिसच्या केएचजे केंद्राने १९६५ मध्येच बोलणे आणखी आवळले. तिथल्या रॉबर्ट डब्ल्यू. मॉर्गन आणि रिअल डॉन स्टील यांच्या फिती ऐकताना धाप लागते. शिकागोच्या डब्ल्यूएलएसवरचे लॅरी लुजॅक नेमके याच्या उलट, कंटाळलेल्या, कुरकुऱ्या सुरात आणि मुद्दाम थांबत थांबत बोलत. वेगवान आवाजांच्या त्या गर्दीत मला स्वतःला हीच शांतता अधिक धीट वाटते.

या फिती जपल्या त्या पुष्कळदा श्रोत्यांनी. डब्ल्यूएबीसी आणि डब्ल्यूएलएस यांचे ५० हजार वॉटचे मध्यमलहरी प्रसारण रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन अनेक राज्ये ओलांडून पोहोचत असे, आणि दूर गावातली मुले घरच्या टेपरेकॉर्डरवर ते उतरवून घेत. त्यात मधूनच खरखर येते, आवाज बुडतो, पुन्हा वर येतो. १० मे १९८२ रोजी दुपारी बाराला डब्ल्यूएबीसी संगीत सोडून चर्चेचे केंद्र झाले, आणि त्याआधीचा संगीताचा अखेरचा कार्यक्रम इन्ग्रॅम यांनी तिथलेच निवेदक रॉन लंडी यांच्यासह सादर केला.

गंमत अशी, की आता संग्राहकांना हवी असते ती गाणी न गाळलेली फीत. गाणी तर कुठेही मिळतात. पण कोणत्या गाण्यानंतर कोणती जाहिरात आली, निवेदक केव्हा गप्प राहिला आणि किती वेळ, हे फक्त त्या अखंड तासातच सापडते, आणि असे तास फार थोडे उरले आहेत.