दारात 26 फुटी हत्ती

(दृश्य: मिशिगनमधला सपाट हायवे. समोरून एक बुटकी, लांबट गाडी येते. पुढची काच जवळजवळ दारांपर्यंत वळलेली.)

निवेदन:

ही गाडी पन्नाशीची आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. भोवतालच्या आजच्या मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, बघा, उभे चौकोनी खोके. आणि त्यांच्यात ही जमिनीला बिलगून धावणारी. नाव जीएमसी मोटरहोम. जनरल मोटर्सने अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या पॉन्टिॲकमध्ये 1973 ते 1978 या मॉडेल-वर्षांत जेमतेम 13 हजार गाड्या बनवल्या आणि मग कायमचं दुकान आवरलं. त्यातल्या बऱ्याच अजून रस्त्यावर आहेत. कशा आहेत, आणि त्यासाठी मालकाला काय काय करावं लागतं, त्याची ही गोष्ट.

(दृश्य: गाडीचं दार उघडतं. एकच पायरी, आणि माणूस आत.)

आत चढायला एकच पायरी, कारण घराची जमीन रस्त्यापासून फक्त 14 इंचांवर आहे. हे जमलं ते इंजिनामुळे. ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या आलिशान कारचं, सुरुवातीला साडेसात लिटरचं, व्ही-8 इंजिन आणि तिचाच गिअरबॉक्स इथे पुढे बसवला. ताकद पुढच्या चाकांना. म्हणजे मागे जाणारा जॉइंट शाफ्ट नाही, आडवा ॲक्सल नाही, पाटे नाहीत. मागे प्रत्येक बाजूला दोन छोटी चाकं, एकामागे एक. सगळी जागा घराला मोकळी.

दुसरी हुशारी भिंतीत आहे. त्या काळच्या बहुतेक मोटरहोम म्हणजे ट्रकच्या चेसिसवर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि वरून पत्रा. छत एकदा गळायला लागलं की पाणी आतल्या आत लाकूड खातं, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी एक दिवस हाताने दाबली तरी आत जाते. जीएमसीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, अंगावर ॲल्युमिनियम आणि फायबरग्लास, मध्ये फवारलेला फोम. कुजायला काही नाहीच. नाही म्हणायला पायाखालचं प्लायवूड तेवढं आहे, आणि खिडक्यांच्या रबरातून पाणी झिरपलं की ते पहिल्यांदा तिथेच मुरतं.

रबर. आजच्या गोष्टीतलं मुख्य पात्र हेच.

(दृश्य: गाडीच्या आत चालकाच्या आसनाशेजारचं कार्पेट उचललं जातं. खाली झाकण, झाकणाखाली इंजिन.)

नवा गिऱ्हाईक जुनी मोटरहोम बघायला येतो तेव्हा आधी इंजिन सुरू करायला सांगतो. आवाज ऐकतो, धूर बघतो, मान डोलावतो. मला विचाराल तर हा सगळा वेळ वाया. ओल्ड्समोबिलचं हे व्ही-8 दणकट आहे, त्याचे सुटे भाग आजही मिळतात, ते उघडून बांधणारे मेकॅनिकही मिळतात. पथ्य एकच महत्त्वाचं: तेल. या जुन्या इंजिनांच्या कॅमशाफ्टला जस्ताचा अंश असलेलं तेल लागतं, आणि आजच्या गाड्यांच्या तेलात तो कमी झालाय. डब्यावरचं वाचून घ्यायचं, झालं.

लोखंड पन्नास वर्षं काढतं. रबर काढत नाही. आणि या गाडीत रबर कुठे कुठे आहे ते मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. ब्रेकचे होस, पाण्याचे होस, इंजिनाखालची माउंटिंग, पुढच्या चाकांच्या शाफ्टवरचे रबरी बूट, खिडक्यांच्या कडा, पुढची काच दोन तुकड्यांची असल्यामुळे तिचा मधला सांधा...

(दृश्य: गाडीच्या पोटाखाली टॉर्चचा उजेड. दोन टाक्या पट्ट्यांनी बांधलेल्या.)

पण सगळ्यात आधी बघायचं ते इथे. पेट्रोलच्या दोन टाक्या, मिळून 50 गॅलन, म्हणजे 190 लिटरच्या आसपास. पेट्रोलचे होस टाकीच्या डोक्यावर आहेत, टाकी आणि वरची घराची जमीन यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत. दिसत नाहीत. हात पोचत नाही. बदलायचे तर टाकी खाली उतरवावी लागते. त्यामुळे मागच्या मालकाने ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू’ म्हटलेलं असतं, त्याच्या आधीच्यानेही.

(दृश्य: टाकी जॅकवर खाली येते. वर काळा होस. हातमोजा घातलेला हात तो वाकवतो.)

वरून बघितलात तर ठीक वाटतो. आता वाकवल्यावर बघा. बाहेरच्या बाजूला बारीक भेगांची जाळी उघडली. हातमोज्याला काळं लागलं. आतून तो फुगलाय, टोकाची क्लॅम्प कातडीत रुतावी तशी रुतलीय. 1970 च्या दशकातलं हे रबर निव्वळ पेट्रोलसाठी बनलं होतं. अमेरिकेत आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल जुन्या रबराला पचत नाही. आपल्याकडे ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आल्यापासून जुन्या गाड्यांचे मालक ज्याची कुरकुर करतात, तीच ही कुरकुर. फरक एवढाच, की इथे पेट्रोल गळतंय आणि त्याच गाडीत माणसं झोपलेली आहेत. जुन्या मोटरहोम जळण्याच्या घटनांत पेट्रोलची गळती हे नेहमीचं कारण. म्हणून अनुभवी मालक गाडी घेतल्यावर पडदे बदलत नाही, रंग देत नाही. टाक्या उतरवतो.

इथेनॉलचा आणखी एक त्रास. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिनाचा यांत्रिक पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढत असतो आणि वाटेत गरम नळीत त्याची वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो, इंजिन बंद. उपाय सोपा आहे, टाकीजवळ विजेचा पंप बसवायचा, म्हणजे पेट्रोल ओढण्याऐवजी ढकललं जातं.

(दृश्य: मागची दोन चाकं. त्यांच्यामध्ये आडवी एअर बॅग.)

आता मागे या. प्रत्येक चाक एका भुजेवर आहे आणि दोन भुजांमध्ये ही आडवी रबरी एअर बॅग. हवा भरली की दोन्ही चाकं खाली दाबली जातात आणि गाडीचं मागचं अंग वर उचललं जातं. हवेचा कॉम्प्रेसर गाडीतच आहे. मुक्कामाची जागा उताराची असेल तर चालक बसल्या जागेवरून एका बाजूची हवा कमी-जास्त करून घर समपातळीत आणतो. ही चैन वाटेल, पण आतला गॅसवर चालणारा फ्रिज समपातळीत नसेल तर नीट थंड करत नाही.

बॅग झिरपायला लागली की सकाळी गाडी मागून बसलेली दिसते. बरेच मालक आता मूळची एक बॅग काढून तिच्या जागी दोन छोट्या बॅगांची जोडणी करतात. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: हवेवर उचललेल्या गाडीखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय शिरायचं नाही. बॅग फुटायला क्षण पुरतो, बाहेर सरकायला पुरत नाही.

(दृश्य: टायरची बाजू. कॅमेरा चार आकड्यांवर थांबतो.)

टायर सहा, स्टेपनी वेगळी. नक्षी बघून फसू नका. मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने उभी असते, त्यामुळे तिचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. हे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2312 लिहिलं असेल तर टायर 2012 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, मग नक्षी कितीही खोल असो. त्यात मूळ चाकं साडेसोळा इंचांची. त्या मापाचे टायर मिळणं इतकं अवघड झालं की मालकांनी सरळ सोळा इंची चाकं बसवून घेतली.

(दृश्य: पेट्रोल पंप. आकडे पळतायत.)

ॲव्हरेज विचारणार, माहीत आहे. लिटरला साडेतीन ते चार किलोमीटर. गाडी बाजारात आली आणि 1973 च्या अखेरीस तेलसंकट आलं, यापेक्षा वाईट मुहूर्त काय असणार. पण मालकांचा हिशेब वेगळा असतो. हत्ती चरतो किती याची चिंता करणारा हत्ती घेतच नाही. खरा खर्च पेट्रोलचा नाहीच, माणसाच्या वेळेचा आहे. ज्याला गाडीखाली आडवं पडायची हौस नाही, त्याने ही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. प्रत्येक बारीक काम गॅरेजवर टाकलंत तर खरेदीची किंमत दोन-तीन वर्षांत दुसऱ्यांदा मोजाल. शिवाय या गाडीला बघून ‘आमच्याकडे नको’ म्हणणारी गॅरेजं पुष्कळ.

(दृश्य: मोकळं मैदान. रांगेत उभ्या डझनावारी जीएमसी. दोन माणसं एका गाडीखाली, तिसरा पाने देतोय.)

मग त्या टिकल्या कशा? मालकांनी एकमेकांना धरून ठेवलं म्हणून. त्यांच्या संघटना आहेत, मेळावे भरतात, आणि मेळाव्यात फिरण्यापेक्षा दुरुस्तीच जास्त चालते. यातल्याच काहींनी छोट्या कार्यशाळा काढल्या आणि कंपनीने बनवणं सोडलेले भाग स्वतः बनवायला घेतले. पुढच्या चाकांचे जास्त भार सोसणारे हब, मागच्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क, चांगल्या एअर बॅगा. काही भाग तर मुळापेक्षा सरस.

सध्या मेळाव्यात वाद रंगतो तो कार्बोरेटरवर. एक गट म्हणतो, काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवा. थंडीत एका किल्लीत सुरू, घाटात दम लागत नाही. दुसरा गट मूळचा क्वाड्राजेट कार्बोरेटर सोडायला तयार नाही. त्यांचं म्हणणं, आडरानात बंद पडली तर हा स्क्रू-ड्रायव्हरने दुरुस्त होतो, संगणकाची पेटी होत नाही. दोघांचंही खरं आहे. इंजेक्शनवाल्यांना एवढंच सांगायचं: त्यात पेट्रोलचा दाब कितीतरी पटींनी जास्त असतो. आधी टाक्या पुन्हा उतरवा, आणि त्या दाबाला चालणारे होस घाला.